प्रतिध्वनीने मासळीचा शोध

महोत्सवाच्या स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य, विद्यार्थी-साहाय्य अशा विषयांवर लेख यावेत, हे रीतीस धरूनच आहे. त्यांच्या रांगेत मासे शोधणाऱ्या यंत्रावरचा हा लेख पाहून काही सभासदांस नवल वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्याकडे सल्ला विचारण्यास येणाऱ्या मंडळींत हा प्रश्न वरचेवर निघू लागला आहे. रविवारी गळ घेऊन दूधनीच्या पाण्यावर जाणारी तरुण मुले ते यंत्र मागवू पाहतात. तर दमणच्या बाजूला ज्यांची होडीत भागी आहे, अशा एकदोन घरांत त्याकरिता कर्ज काढावे की काय, असा विचार चालतो. हौसेचा खर्च निराळा आणि कर्जाचा खर्च निराळा. घरातील दागिना गहाण पडण्यापूर्वी त्या यंत्रास काय कळते व काय कळत नाही, हे घरातील सर्वांस, स्त्रियांसही, ठाऊक असले पाहिजे. म्हणून हा पाठ.

प्रथम आमच्या पाण्याविषयी थोडे. दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबेगावाजवळ सह्याद्रीत उगम पावते आणि सुमारे १३१ किलोमीटर वाहून दमणपाशी अरबी समुद्रास मिळते. वाटेत गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात मधुबन येथे तिच्यावर धरण आहे. त्या धरणाचा फुगवटा आमच्या दादरा व नगर हवेलीत दूधनी, कौंचा या गावांपर्यंत पसरलेला आहे. २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे प्रदेश एक झाले. तेव्हा दूधनीचे गोडे पाणी आणि दमणचे खारे पाणी आता एकाच प्रशासनाखाली आहे, इतकेच नव्हे तर ते एकाच नदीचे आहे. यंत्र मात्र दोन्ही ठिकाणी सारखे वागत नाही, ते पुढे पाहू.

पाण्यात डोळ्याचे चालत नाही. आपल्या धरणाचे पाणी पावसाळ्यात तर इतके गढूळ असते, की हातभर खोलीवरचे दिसत नाही. समुद्रातही उजेड फार खाली जात नाही. आवाजाचे तसे नाही. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर धावतो, पाण्यात तो त्याच्या चौपटीहून अधिक, म्हणजे सुमारे १५०० मीटर धावतो. हे प्रथम नीट मोजले गेले १८२६ साली. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवरात कोलाडोन आणि स्टुर्म या दोघांनी दोन होड्या एकमेकींपासून पुष्कळ दूर उभ्या केल्या. एका होडीवरून पाण्याखालील घंटा वाजवायची व त्याच क्षणी दारू पेटवून उजेड करायचा. दुसऱ्या होडीवरच्या माणसाने उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. थंड पाण्यात सेकंदास १४३५ मीटर असे उत्तर आले. पुढे शंभर वर्षे लोटली तरी त्या आकड्यात फारशी दुरुस्ती करावी लागली नाही. आमच्या शाळेतील मुलांस आम्ही हाच प्रयोग लहान प्रमाणावर करावयास सांगतो. एकाने तळ्यात डोके बुडवून ठेवावे आणि दुसऱ्याने दूरवर पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटावे. दगड कानापाशीच वाजल्यासारखे वाटतात.

आता प्रतिध्वनी. दरीच्या तोंडाशी हाक मारली तर ती परत येते. समोरचा कडा ८५ मीटरांवर असेल, तर जाऊन-येऊन १७० मीटर होतात व हाक बरोबर अर्ध्या सेकंदाने परत येते. मत्स्यशोधक यंत्र हेच करते, फक्त तोंड खाली करून. होडीच्या बुडाशी एक लहान डबी बसवलेली असते. तिला ट्रान्सड्यूसर म्हणतात. विजेचा धक्का दिला की तिच्यातील स्फटिक थरथरतो व पाण्यात आवाज सोडतो. परत आलेला आवाज त्याच स्फटिकावर आपटला की उलट वीज उत्पन्न होते. म्हणजे तीच जीभ आणि तोच कान. स्फटिकाचा हा गुण पॅरिसच्या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला होता. पाण्याची खोली १५ मीटर असेल तर आवाजास एकूण ३० मीटर जावे लागते. ३० भागिले १५०० म्हणजे एका सेकंदाचा पन्नासावा भाग. इतका वेळ माणसास मोजता येत नाही, यंत्रास येतो. हा आवाज आपल्या कानास मात्र ऐकू येत नाही, कारण तो सेकंदाला ५० हजार किंवा २ लाख कंपनांचा असतो, आणि माणसाचा कान २० हजारांच्या पुढे बहिरा आहे. वटवाघूळ रात्री आणि डॉल्फिन समुद्रात याच विद्येवर पोट भरतात. या विद्येला इंग्रजीत जे नाव पडले आहे त्याचा उच्चार आपल्या ‘सोनार’ शब्दासारखाच होतो. विद्यार्थ्यांस नाव लक्षात ठेवण्यास तेवढीच सोय. एरवी हा सोनार दागिना घडवीत नाही, मोडायला लावतो.

यावर कोणी विचारील, मासा तर बहुतांशी पाणीच, मग आवाज त्याच्यातून आरपार का जात नाही? प्रश्न योग्य आहे. माशाच्या मांसातून आवाज पुष्कळसा आरपारच जातो. परंतु बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्या योगाने मासा पाण्यात हवा त्या खोलीवर तरंगू शकतो. पाणी आणि हवा यांत इतका फरक, की आवाज त्या पिशवीवर आपटून मागे फिरतो. यंत्राला माशाकडून जो प्रतिध्वनी मिळतो, त्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग या पिशवीचा असतो. आमच्या पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या पिशवीला भोत म्हणतात आणि तो वाळवून परदेशी जातो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका होडीला दीडशेच्या वर घोळी मिळाल्या आणि लिलावात सव्वा कोटी रुपयांवर भाव गेला, तो मांसाकरिता नव्हे, भोताकरिता. पुढे २०२३ साली गुजरात सरकारने घोळीस राज्यमासा ठरविले. ज्या अवयवामुळे मासा यंत्राला दिसतो, तोच अवयव त्याच्या जिवावर उठला आहे.

उलट ज्यांना ही पिशवी नाही, ते यंत्रास अंधूक दिसतात. मुशी आणि पाकट यांना ती नसते. बोंबलालाही नसते. पण बोंबील पकडणाऱ्या कोळ्यास यंत्राची गरजही नसते. तो डोल जाळे समुद्रात ठोकून किंवा नांगरून ठेवतो. भरती-ओहोटीचा ओढा बोंबलांस आपण होऊन जाळ्याच्या तोंडात आणून घालतो. तेथे उधाण केव्हा व भांग केव्हा, म्हणजे तिथीचे गणित आले पाहिजे. ज्याच्या घरी डोल आहे त्याने या यंत्रावर पैसा घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे यंत्र थव्याच्या मागे जाणाऱ्याचे आहे, थव्याची वाट पाहणाऱ्याचे नव्हे.

यंत्राचा इतिहास थोडा मनोरंजक आहे. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बोट हिमनगावर आपटून बुडाली, तेव्हा पाण्यातील अडथळा आवाजाने आधी ओळखता येईल काय, याचा शोध सुरू झाला. जर्मनीच्या अलेक्झांडर बेम याने १९१३ मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याची निकड आली, आणि फ्रान्सच्या लाँजव्हँ याने १९१७ च्या सुमारास क्यूरींचा स्फटिक कामास लावला. सारे हे बोटी वाचविण्यासाठी किंवा बुडविण्यासाठी. मासा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. खोली मोजताना तळाच्या वर मध्येच काहीतरी डाग पडतात, ते मासे असावेत, हे ज्यांनी ओळखले त्यांत इंग्लंडच्या ग्रेट यार्मथ बंदराचा रॉनी बॉल्स हा मासेमारी होडीचा तांडेल होता. त्याने १९३३ मध्ये आपल्या होडीवर हे साधन बसवून हेरिंग माशांचे थवे शोधले. नॉर्वेच्या ऑस्कर सुंड याने १९३५ मध्ये लोफोटेनच्या समुद्रातील कॉड माशांच्या थराचे आलेखच छापून दाखविले.

परंतु साध्या कोळ्याच्या हाती यंत्र दिले ते जपानच्या फुरुनो बंधूंनी. नागासाकीच्या बाजूला होड्यांवर दिवे व विजेची कामे करता करता थोरल्या भावाने कोळ्यांकडून ऐकले, की जेथून बुडबुडे वर येतात तेथे खाली मासळी असते. बुडबुडा म्हणजे हवा, आणि हवेवर आवाज आपटतो. युद्धानंतर मोडीत निघालेली खोली मोजण्याची यंत्रे घेऊन त्यांनी खटपट केली आणि १९४८ मध्ये पहिले चालते मत्स्यशोधक यंत्र बाजारात आणले. आरंभी कोळ्यांनी त्यांस हसून घालविले, कारण यंत्र जेलीफिशच्या ढिगालाही मासे समजे. येथे आमच्या शिक्षक बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शोधाची किल्ली प्रयोगशाळेत सापडली नाही, ती एका कोळ्याच्या बोलण्यात होती, आणि ऐकणाऱ्याने ती ऐकली.

आता पडदा वाचावा कसा, हा पाठाचा मुख्य भाग. बाजारात यंत्र विकणारे पडद्यावर माशांची चित्रे काढून दाखवितात. तशी सोय यंत्रात असते, पण शिकणाऱ्याने ती बंद करून ठेवावी. यंत्र मासा पाहत नाही, प्रतिध्वनी पाहते. मग एखादे बुडालेले लाकूड आले तरी तेथे ते हौसेने मासा काढून देते. मूळ रेघाच वाचावयास शिकावे. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण. डावीकडे सरकत गेलेले सर्व जुने झाले. पडद्याच्या मधोमध मासे पाहून तेथे गळ टाकणारा मनुष्य, होडी चालत असेल तर, मागे सोडून आलेल्या पाण्याचे चित्र पाहत असतो.

आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरतो. २ लाख कंपनांच्या आवाजाचा शंकू अरुंद, साधारण २० अंशांचा धरू. ५० हजारांचा त्याहून रुंद, आणि तो खोलवर जातो. २० अंशांच्या शंकूचा घेर किती, हे मुलांनी त्रिकोणमितीने काढावे. उत्तर खोलीच्या सुमारे एक तृतीयांश येते. १५ मीटर पाण्यात तळाशी पाच मीटर रुंदीचे वर्तुळ दिसते, पण तीन मीटर पाण्यात अवघे एक मीटर. म्हणून काठाजवळच्या उथळ पाण्यात यंत्र लावून बसणे म्हणजे किल्लीच्या भोकातून मैदान पाहणे. तेथे डोळा, अनुभव आणि बगळा हे तिन्ही यंत्राहून बरे.

मासा शंकूच्या कडेला असताना होडीपासून थोडा दूर असतो, मध्यावर आला की जवळ, पुन्हा दूर. त्यामुळे पडद्यावर कमान उठते. पण गणित करून पाहावे. १० मीटर खोलीवरच्या माशाचे कडेचे अंतर १० मीटर १५ सेंटिमीटर होते. फरक वीतभरसुद्धा नाही. एवढी कमान लहान पडद्यावर सपाट रेघच दिसणार. कमान नाही म्हणून मासा नाही, असे समजू नये. आणि लांब कमान म्हणजे लांब मासा, हेही चूक. लांबी ही मासा शंकूत किती वेळ राहिला हे सांगते. होडी उभी असेल आणि खाली वीतभर मासा झोपल्यासारखा पडून असेल, तर पडदाभर रेघ येईल. मोठ्या माशाची खूण जाडी आणि रंगाचा गडदपणा.

तळाची रेघही बोलते. खडकाळ तळ आवाज जोराने परत फेकतो. तेथे रेघ ठसठशीत, व तिच्या दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेघ, कारण आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा एकदा तळास जाऊन आलेला असतो. चिखल आवाज गिळतो. जुने तांडेल शिशाच्या गोळ्याला चरबी लावून तो दोरीने सोडीत, वावात खोली मोजीत आणि चरबीस चिकटून आलेली वाळू किंवा चिखल बोटात चोळून जागा ओळखीत. यंत्राने त्या कामास वेग आणला, नवे काम शोधले नाही.

दूधनीच्या पाण्यात एक वेगळी अडचण आहे. हे पाणी मुळात जमीन होते. खाली बुडालेल्या झाडांची खोडे, शेतांचे बांध, ओढ्यांची जुनी पात्रे आहेत. उभे खोड पडद्यावर तळाला चिकटलेल्या खांबासारखे दिसते. मासा तळापासून सुटलेला दिसतो. रोहू, कटला, मृगळ यांपैकी कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून मृगळ तळाच्या रेघेत मिसळून जातो आणि यंत्रास सापडणे कठीण. जुने ओढ्याचे पात्र मात्र यंत्रावर स्वच्छ उमटते, आणि उन्हात मासळी त्या खोलगट वाटेने राहते, हे शिकण्यासारखे आहे. ज्यांची जमीन त्या पाण्याखाली गेली, अशी माणसे आमच्या प्रदेशात आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या वडीलधाऱ्यास होडीत बरोबर घ्यावे. कोठे बांध होता, कोठे विहीर होती, कोणता ओढा कोठून वळत होता, हे ते पडदा न पाहता सांगतील. आणि त्यांस पडदा दाखविताना मात्र जरा जपून दाखवावा.

उन्हाळ्यात खोल पाण्यात आणखी एक प्रकार होतो. वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड व जड राहते आणि दोहोंची सरमिसळ थांबते. खालच्या थरातील प्राणवायू संपत जातो. पडद्यावर पाण्याच्या मधोमध एक फिकट आडवी पट्टी दिसू लागली की समजावे, मासे बहुधा तिच्या वर आहेत. गळ तळाला सोडून दुपार घालवू नये.

समुद्राचा हिशोब याहून मोठा. होडी बंदरातून निघाली की डिझेल जळू लागते, आणि यंत्र फक्त होडीच्या पोटाखालचे सांगते, पाच मैलांवरचे नाही. जावे कोठे, हे सांगणारी सोय निराळी आहे. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही सरकारी संस्था उपग्रहाने समुद्राचे तापमान व पाण्यातील हिरवे द्रव्य पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्रे जाहीर करते. कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेस, किती अंतरावर, किती खोलीत, अशी ही माहिती विनामूल्य मिळते, मराठीतही मिळते. प्रथम ती पाहावी, मग होडी काढावी, आणि तेथे पोहोचल्यावर यंत्र लावावे. पहिले फुकट साधन न वापरता दुसऱ्या विकतच्या साधनासाठी कर्ज काढणे, हे आम्हांस उलटे वाटते.

विकत घेणाऱ्यास दोन गोष्टी. डबी होडीच्या बुडाला अशा ठिकाणी बसवावी, की पंख्याचे बुडबुडे तिच्याखाली येणार नाहीत; बुडबुडे म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे पडदाभर खोटी मासळी. दमणगंगेच्या मुखाशी लाटांत हे विशेष होते. हौशी माणसास दूधनीकरिता लहान पडद्याचे, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे यंत्र पुष्कळ झाले. चौघांनी मिळून एक घ्यावे. होडीच्या भागीदारांनीही प्रथम एका होडीवर एक हंगाम बसवून डिझेलचा आणि मासळीचा हिशोब वहीत मांडावा. वहीत फरक दिसला तर दुसऱ्या होडीचे पाहावे.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न वहीत मावत नाही. यंत्र मासा निर्माण करीत नाही. दहा होड्या आंधळेपणाने फिरत, तेव्हा पाच थवे सुटत आणि त्यांचीच पुढच्या वर्षी पिल्ले होत. दहाही होड्यांना डोळे आले, तर सुटणार कोण? पापलेटचेच पाहा. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या सप्टेंबरात त्यास राज्यमासा ठरविले, ते सातपाटी-डहाणूच्या कोळ्यांच्या तोंडचा घास कमी होत चालला म्हणून; आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किती लहान पिल्ले पकडू नयेत, याची मापे ठरवून दिली. समुद्रात विजेचे प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यास केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. मत्स्यशोधकावर बंदी नाही. तो थवा दाखवितो, पण थव्यात पिल्ले किती हे सांगत नाही. ते जाळ्याच्या आसाच्या मापावर अवलंबून आहे, आणि आस माणूस विणतो. ज्याने यंत्र घेतले त्याने आस मोठी करावी, असे आम्ही ज्यांस त्यांस सांगत आलो आहो. काहींनी ऐकले. काहींनी हसून चहा पाजला.

पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारने ठरविलेली मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस असते. त्या दिवसांत घरातील मुले दूधनीस किंवा नदीवर जाऊ पाहतात, आणि आईबापांनी लक्ष द्यावयाचे ते येथे. पावसाळ्यात मधुबनची दारे उघडली की धरणाखालच्या नदीचे पाणी थोड्या वेळात चढते. २००४ च्या ऑगस्टमधील पूर सिल्वासाच्या जाणत्या माणसांच्या स्मरणात आहे. ते चढणारे पाणी पडद्यावर दिसत नाही, कारण यंत्र खाली पाहते आणि पाणी वरून येते. पडद्यावर डोळे खिळलेल्या मुलास काठाचे भान राहत नाही. म्हणून होडीत दोघे असावेत, एकाने पडदा पाहावा व दुसऱ्याने आभाळ व काठ. दोघांच्या अंगावर तरंगते जाकीट असावे. आणि दारे उघडण्याचा इशारा दिला गेला असेल त्या दिवशी बॅटरी चार्ज करूच नये. जून लागला की डबी गोड्या पाण्याने धुवावी, मऊ फडक्याने पुसावी, बॅटरी सोडवून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा भरावी. त्या फावल्या वेळात मुलांनी वरील गणिते ५० हजार कंपनांच्या ४० अंशी शंकूकरिता पुन्हा सोडवून पाहावी. १० मीटर खोलीवर कमान किती सेंटिमीटर उठते, ते उत्तर शाळेत आणून दाखवावे.